नाही म्हणणाऱ्याचं पुढे काय होतं

निवडणूक आली, सण आला, कुठे काही दंगाधोपा झाला की एकजुटीचे मेसेज फिरायला लागतात. आपण सगळे एक, आपले विचार एक, आपले संस्कार एक, आणि मधेच कोणी काही वेगळं बोललं की लगेच त्याला विचारतात की बाबा तू आपल्यातला की त्यांच्यातला. आधीच सांगून टाकतो, मला एकजूट हवी आहे. मनापासून हवी आहे. एकट्या माणसाच्या हातून विहीर होत नाही, रस्ता होत नाही, साधं मयत उचलायलासुद्धा चार खांदे लागतात. पण गेली बरीच वर्षं गावातल्या, समाजातल्या, सोसायटीतल्या बैठकांना बसून आणि थोडंफार वाचून माझं एक मत पक्कं झालंय, ते असं की एखाद्या समाजाची एकी खरी आहे की वरवरची हे तिथले लोक तोंडाने काय मानतात यावरून कळत नाही. तिथे भर बैठकीत कोणी उभं राहून "मला हे पटत नाही" म्हणालं तर दुसऱ्या दिवशी त्याच्याशी लोक कसे वागतात, त्याच्या पोरीच्या लग्नाला जातात का, त्याच्या शेतावर मजूर येतो का, त्यावरून कळतं.

कोकणातली गावकी, म्हणजे सगळ्या गावाने मिळून चालवलेला गावाचा कारभार, घ्या. ज्यांनी ती जवळून बघितलीय त्यांना माहीत आहे की तिच्यात किती ताकद आहे. पावसात वाडीचा रस्ता वाहून गेला तर सरकारची वाट कोणी बघत नाही, घरटी एक माणूस घमेलं फावडं घेऊन बाहेर पडतो. कोणाच्या घरी मयत झालं तर त्या घरच्या माणसाला काही बघावं लागत नाही, लाकडं, तिरडी, लांबच्या नातेवाइकांना फोन, सगळं आपोआप होतं. मुंबईचे चाकरमानी वर्षभर वर्गणी जमवतात आणि देवळाचा सभामंडप, शाळेची खोली, नळाची टाकी उभी करून दाखवतात. शिमग्याला देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या ओट्यावर, बसते, मग घरोघरी फिरते, त्या दिवशी घरातली म्हातारी माणसं सकाळपासून अंगण सारवून, रांगोळी काढून, ओटीचं ताट तयार ठेवून वाट बघत असतात. आपल्या दारात पालखी येणं म्हणजे आपण या गावाचे आहोत यावर वर्षातून एकदा शिक्कामोर्तब होणं, यापेक्षा मोठा मान कोकणातल्या माणसाला दुसरा नाही. हे सगळं मी कौतुकानेच सांगतोय, यातलं एकही गमवावं असं मला वाटत नाही.

आणि नेमकी हीच ताकद उलटी फिरली की काय होतं तेही त्याच कोकणात दिसतं. गावकीचा एखादा निर्णय कोणी मानला नाही, जमिनीच्या वादात कोर्टात गेला, निवडणुकीला गावाने ठरवलेल्या माणसाविरुद्ध उभा राहिला, मुलीने जातीबाहेर लग्न केलं, कारण काहीही असो, त्या घराला वाळीत टाकतात. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी किती आल्या ते दहाएक वर्षांपूर्वीचे पेपर काढून बघितले तरी कळेल. मारहाण होते असं नाही, कित्येकदा कोणी अंगाला हातही लावत नाही. फक्त बोलणं थांबतं. दुकानदार सामान द्यायला टाळाटाळ करतो, कारण त्याला दिलं तर दुकानदारालाच दंड बसतो. लावणीला कोणी येत नाही. लग्नाचं आमंत्रण येत नाही आणि यांनी दिलेलं कोणी घेत नाही. पालखी शेजारच्या दारातून निघते आणि यांचं दार सोडून पुढच्या दारात जाते, ढोल तेवढाच वाजत असतो, आणि आतली म्हातारी ताट घेऊन उंबऱ्यात उभी असते. एका गावात हे मी स्वतः बघितलंय. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण हे त्या एकाच गावाचं नाही. त्या दिवशी पालखी नाचवणारे खांदेकरी काही दुष्ट लोक नव्हते, त्यातले दोघं लहानपणी त्या घरात जेवलेले मला माहीत होतं, पण मान वर करून त्या दाराकडे बघायची एकाचीही हिंमत झाली नाही, कारण बघितलं असतं तर पुढच्या वर्षी त्यांचं दार चुकवलं गेलं असतं.

म्हणजे बघा, बाहेरून आलेला माणूस त्या मिरवणुकीचा व्हिडिओ काढून म्हणेल की वा, काय एकी आहे, अख्खा गाव एका तालावर नाचतोय. आणि दिसायला ते खरंच आहे. पण तो गाव एका श्रद्धेने बांधलेला होता की पुढचा नंबर आपला लागेल या भीतीने, हे त्या व्हिडिओत दिसणार नाही.

महाराष्ट्राने यावर कायदा केला, आणि असा वेगळा कायदा करणारं आपलं पहिलं राज्य, याचा मला अभिमान आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा हा कायदा एप्रिल 2016 मध्ये विधिमंडळात मंजूर झाला आणि जुलै 2017 पासून लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. याच्या मागे जातपंचायतींच्या विरोधात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून केलेलं काम आहे, आणि त्याहून जास्त त्या त्या समाजातल्या ज्या लोकांनी तोंड उघडलं त्यांची हिंमत आहे. कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनी 2018 च्या सुमारास नव्या नवरीच्या कौमार्य चाचणीविरुद्ध उघड बोलायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना समाजाची बदनामी करणारे म्हटलं गेलं, मारहाणही झाली. मला विचाराल तर त्या समाजावर खरं प्रेम कोणाचं होतं, तर या मुलांचं. समाज सोडून शहरात गप गुमान राहणं त्यांना सोपं होतं, तरी ते आत राहून भांडले.

तसं बघितलं तर हे भांडण जुनंच आहे. 1949 मध्येच तेव्हाच्या मुंबई प्रांताने बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, पण दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द ठरवला. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की धर्माच्या कारणावरून एखाद्याला बाहेर काढणं हा त्या पंथाच्या स्वतःच्या कारभाराचा भाग आहे, सरकारने त्यात पडू नये. 2023 मध्ये पाच न्यायाधीशांनी हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवलाय. प्रश्न खरोखर अवघड आहे, मी तो उडवून लावणार नाही. पंथाला आपले नियम ठरवायचा हक्क पाहिजेच, नाहीतर पंथ कसला. पण नियम मोडणाऱ्याला तुमच्या पूजेचा मान न देणं वेगळं आणि त्याच्या सख्ख्या भावाने त्याच्याशी बोलू नये, त्याला दफनाची जागा मिळू नये, असं ठरवणं वेगळं. पहिल्यात समाज आपली रीत राखतोय. दुसऱ्यात तो माणसाला उपाशी मारून वाकवतोय, आणि वाकून परत आलेल्या माणसाच्या मनात ती श्रद्धा उरलेली असते असं कोणाला वाटतं?

आता उलट टोक बघू, गडचिरोलीचं मेंढा गाव, ज्याला मेंढा लेखा म्हणतात. धानोरा तालुक्यातलं गोंड आदिवासींचं हे छोटंसं गाव, पाचशेच्या आतबाहेर वस्ती. "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा इथली, गावाचे पुढारी देवाजी तोफा हे नाव आणि त्यांच्या सोबत कितीतरी वर्षं काम केलेले मोहन हिराबाई हिरालाल हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. गावाचं कौतुक बहुतेक वेळा जंगलासाठी होतं, आणि ते बरोबरच आहे, 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली साधारण 1800 हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला, तो मिळूनही बांबू विकायला वाहतूक पास देईना म्हणून वनखात्याशी भांडले, आणि शेवटी 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले तेव्हा तो पास ग्रामसभेच्या हातात पडला. पण माझ्या लेखी त्या गावाची सगळ्यात मोठी कमाई वेगळी आहे. तिथे ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही. सगळ्यांची सहमती होईपर्यंत निर्णयच होत नाही. एक माणूस जरी म्हणाला की मला हे पटत नाही, तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. मग परत बोलायचं, परत समजून घ्यायचं, त्याचं कशावर अडलंय ते बघायचं.

हे ऐकायला भाबडं वाटतं, मला पण वाटायचं. पण त्यांनी त्यासाठी एक सोय करून ठेवलीय ती फार विचार करून केलेली आहे. अभ्यास गट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यास गटात कोणीही या, बाहेरचा जाणकार बोलवा, कायद्याची कलमं वाचा, वाद घाला, पण तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेतच, आणि तो गावकऱ्यांचाच. म्हणजे ज्याला शंका आहे त्याला शंका काढायला जागा आहे, आणि ती काढताना आपण गावाच्या आड येतोय असं त्याला वाटत नाही. गावातल्या दारूचा प्रश्नसुद्धा असाच, काय एका बैठकीत सुटला नाही. 2013 मध्ये तर गावाने ग्रामदान केलं, म्हणजे आपापल्या जमिनीची मालकी ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. विचार करा, आपल्याकडे सख्खे भाऊ बांधाच्या एका फुटासाठी तीस वर्षं कोर्टात जातात आणि इथे अख्ख्या गावाने जमीन गावाच्या नावे करायला होकार दिला. हा होकार कोणी भाषण ठोकून मिळवलेला नाही. ज्या गावात नाही म्हणायची भीती नाही, तिथेच माणूस एवढं मोठं हो म्हणू शकतो, कारण त्याला खात्री असते की उद्या काही बिनसलं तर आपलं ऐकून घेतलं जाईल.

कोणी म्हणेल आदिवासी गाव लहान असतं, सगळे एका समाजाचे, तिथे जमतं, लाखो लोकांत कसं जमणार. तर मग वारी बघा. वारीबद्दल आपण टाळ, मृदंग, तुळस, रिंगण एवढंच बोलतो, टीव्हीवाले पण तेच दाखवतात. ज्ञानोबा माऊलींच्या पालखीत रोज संध्याकाळी तळावर जी समाजआरती होते ती मात्र फार कमी लोक नीट बघतात. पालखी मध्ये येते, सगळ्या दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम चालू असतात, कानाला दुसरं काही ऐकू येत नाही. मग चोपदार, म्हणजे पालखीची शिस्त राखणारा मानकरी, हातातला चोप (दंड) वर करतो आणि बघता बघता सगळं शांत होतं. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, वाटेत दुसऱ्या दिंडीशी वाद झाला असेल, पाण्याची गैरसोय झाली असेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळा समाज गप्प आणि एका कोपऱ्यात टाळ वाजतोय. चोपदार तिकडे जातात, काय झालं विचारतात, तिथेच काही तोडगा काढतात, मग ते टाळ थांबतात. हरवलेल्या वस्तूंची पुकार होते, दुसऱ्या दिवशी किती वाजता निघायचं ते सांगतात, आणि त्यानंतर आरती. तक्रार असलेल्याला गप्प करून आरती उरकत नाहीत. आज जी शिस्त आपण बघतो तिची घडी हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात बसवली असं मानतात, आणि मला त्या माणसाच्या शहाणपणाचं खरंच नवल वाटतं. एवढ्या मोठ्या गर्दीत तक्रारीला हक्काची वेळ, हक्काचा आवाज, आणि तो आवाज म्हणजे परत भजनाचाच टाळ, वेगळं काही नाही. म्हणजे विरोध करणारा त्या क्षणीसुद्धा वारकरीच असतो.

पण वारीचं कौतुक करून इथे थांबलो तर ते अर्धवट होईल. कारण याच वारकऱ्यांच्या पंढरपुरात काय होतं? चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर. ते गेले 1338 मध्ये. तेव्हापासून सहाशे वर्षं लाखो लोकांनी त्यांचे अभंग गायले, रडून रडून गायले, भेदाभेद खोटा आहे असं घसा फाडून म्हटलं, आणि चोखोबांच्या जातीच्या माणसाला त्याच देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. मूल्य सगळ्यांना मान्य होतं. कोणीच त्याच्या विरुद्ध बोलत नव्हतं. आणि दार बंद होतं. ते उघडायला साने गुरुजींना 1 मे 1947 पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं. त्याआधी ते महिनोन्महिने महाराष्ट्रभर फिरले, लोकांना समजावलं, आणि तेव्हाही त्यांना धर्म बुडवायला निघालेला म्हणणारे कमी नव्हते. 10 मे ला उपोषण सुटलं, दार उघडायचं मान्य झालं. माझ्या दृष्टीने वारकरी संप्रदायाच्या मूल्याला त्या दहा दिवसांत जेवढा अर्थ आला तेवढा आधीच्या सहाशे वर्षांच्या गजरात आला नव्हता. आणि तो आणला एका नाही म्हणणाऱ्याने, ज्याची भक्ती त्याच परंपरेतली होती.

महाडचंही तेच. नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केलेला होता, कागदावर सगळं नीट होतं. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो लोकांना घेऊन तळ्यावर जावं लागलं आणि पाणी प्यायल्याबद्दल त्या लोकांना मार खावा लागला. नंतर संविधानात बंधुता हा शब्द आला, आणि 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावून सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तीन वेगवेगळी काढता येत नाहीत, एक काढलं की बाकीच्यांना अर्थ राहत नाही. आजच्या एकजुटीवाल्यांना बंधुता हवी असते, पण समतेचं नाव काढलं की "आता हे कशाला उकरून काढता" असं म्हणतात. दहा घरं सोडून एका घराच्या पंगतीला जायचं नाही आणि तरी आपण सगळे भाऊ, हे कसं चालेल?

अलीकडची दोन उदाहरणं मला फार आवडतात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळेला, ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र जोडवी काढायची नाहीत. करोनात तरणीताठी माणसं गेली होती, पंचविशी तिशीतल्या मुली मागे राहिल्या होत्या, लोकांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं. पंधरा दिवसांत सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. दुसरं, सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव, तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला बसतात, साडेआठला परत भोंगा. सुरुवातीला कुरकुर झाली, होणारच. सिरियल बुडते म्हणून कुरकुर करणाऱ्या बाईला कोणी वाळीत टाकलं नाही, तिच्या घरी जाऊन बोलले. हेरवाडचा ठराव कागदावर फार सोपा आहे, खरी परीक्षा त्या दिवशी असते जेव्हा मयताच्या घरी एखादी सत्तर वर्षांची आत्या हट्ट धरते की बांगड्या फोडल्याच पाहिजेत नाहीतर माझ्या भावाला गती मिळणार नाही. तिला काय सांगायचं? पोलीस बोलवायचे? ती पण दुःखातच आहे. तिथे जी बाई तिच्या जवळ बसून, तिचा हात धरून, तिला बोलू देऊन, मग शांतपणे म्हणते की आत्या राहू दे, पोरीकडे बघा, ती बाई त्या ठरावाला जिवंत ठेवते. सगळ्या गावाची सही असून काय उपयोग, अशी एक बाई गल्लीत नसेल तर?

यावर दोन आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतात आणि दोन्ही टाकाऊ नाहीत. पहिला, प्रत्येकाचं ऐकत बसलो तर काम कधी करायचं. खरं आहे, वेळ जातो. धरणाचं पाणी उद्या सोडायचंय आणि आज सहमतीसाठी बैठक लावता येत नाही, तिथे बहुमत, तिथे ज्याच्यावर जबाबदारी त्याचा निर्णय, मला मान्य आहे. पण बहुमताने निर्णय झाल्यावर हरलेल्यांना हरलेले म्हणून वागवायची काय गरज असते? मतदान झालं, ठराव पास झाला, आता चहा बरोबर घ्या. आमच्याकडे कित्येक सोसायट्यांमध्ये रिडेव्हलपमेंटच्या वेळी विरोधात मत दिलेल्या म्हाताऱ्या जोडप्याशी लिफ्टमध्ये सुद्धा लोक बोलत नाहीत, ग्रुपमधून काढून टाकतात, मग पाणी कधी येणार हे त्यांना वॉचमनला विचारावं लागतं. यात कुठलं काम वेगाने झालं ते मला कोणी दाखवून द्यावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सगळ्या नकारांना मान द्यायचा तर उद्या कोणी म्हणेल मला समताच मान्य नाही, माझ्या विहिरीवर अमुक जातीने यायचं नाही, हा पण नकारच की. नाही. हा नकार दुसऱ्याच्या पाण्यावर, दुसऱ्याच्या अंगावर, दुसऱ्याच्या दारावर चालून जातो. मेंढ्यातला माणूस म्हणतो मला हे पटत नाही, तेव्हा तो स्वतःच्या वाट्याबद्दल बोलत असतो. महाडला मारायला आलेले लोक दुसऱ्याच्या तहानेबद्दल ठरवत होते. कौमार्य चाचणीला नाही म्हणणारी मुलगी स्वतःच्या शरीराबद्दल बोलते, ती घ्या म्हणणारे पंच दुसऱ्याच्या. एवढा फरक आपल्याला कळतो, आपण तो बैठकीत बोलून दाखवत नाही इतकंच. म्हणून ज्या समाजाला समान मूल्य हवं त्याने एक गोष्ट आधी ठरवून टाकावी, की माणसाला माणूस म्हणून वागवणं हा चर्चेचा विषय नाही, तो बैठकीत बसायचाच नियम आहे, आणि बाकी सगळ्यावर मोकळेपणाने भांडायला परवानगी आहे.

शहरात आणि परदेशातही आपण मंडळं काढतो, गणपती बसवतो, पोरांना मराठी यावं म्हणून शाळा चालवतो, आणि हे करणाऱ्यांबद्दल मला खूप आदर आहे, नोकरी सांभाळून शनिवार रविवार घालवणं सोपं नाही. पण त्याच मुंबईत मराठी माणसाला मासे खातो म्हणून घर नाकारतात तेव्हा आपल्याला राग येतो, यायलाच पाहिजे, आणि आपल्याच गावच्या मंडळात एखाद्याने आंतरजातीय लग्न केलं म्हणून त्याचं नाव वर्गणीच्या यादीतून गुपचूप गळतं तेव्हा आपण तो त्यांचा घरगुती प्रश्न म्हणतो. दोन्हीकडे दार बंद करणारा हेच म्हणत असतो की आमच्या सगळ्यांचं एकमत आहे.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे आणि कुठल्याही गावाला, मंडळाला, सोसायटीला उद्यापासून करता येईल. प्रोसिडिंग बुकात आपण वर्षानुवर्षं एकच वाक्य लिहितो, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. ते सर्वानुमते लिहिण्याआधी अध्यक्षांनी विचारावं की कोणाला पटलेलं नाही, आणि जो हात वर करेल त्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत दोन ओळी तिथे लिहून घ्यावं, पुढच्या बैठकीत ते पहिल्यांदा वाचावं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरला ग्रामसभा होतातच, त्यातल्या एकीत तरी बहिष्काराविरुद्धचा कायदा मोठ्याने वाचून दाखवावा, कारण वाळीत टाकलेल्या कित्येक घरांना असा काही कायदा आहे हेच माहीत नसतं, आणि तालुक्याच्या पोलीस ठाण्यातसुद्धा "तुमचं गावचं भांडण आहे, आपसात मिटवा" असं सांगून परत पाठवलेली माणसं मला भेटलीत. ज्या घरावर अख्ख्या गावाने पाठ फिरवलीय त्याने आपसात मिटवायचं म्हणजे नेमकं कोणाशी बोलून मिटवायचं, हे त्या ठाण्यातल्या साहेबांनी एकदा सांगावं.